पाळीचा हिशेब



‘पाळी’ हा शब्द कामगारांच्या रोजच्या तोंडातला. दिवसपाळी, रात्रपाळी यांवर सभा गाजतात. पण स्त्रीच्या पाळीचे नाव निघाले की सभा खाली पाहू लागते. आम्ही काही डॉक्टर नव्हे. मिळतील ती पुस्तके वाचून आणि जाणत्यांना विचारून जे समजले, ते आपणांपुढे ठेवीत आहोत.

अंडाशयातून दोन मुख्य संप्रेरके निघतात. इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर वाढविते. बीज सुटल्यावर तयार होणारे प्रोजेस्टेरॉन ते स्थिर राखते. दोन्ही ओसरली म्हणजे अस्तर गळते, तीच पाळी. बीज सुटलेच नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. अस्तर वाढतच राहते. मग दोन-दोन महिने काही नाही आणि पुढे एकदम पूर, असे होते. याच्या मुळाशी कधी थायरॉइड ग्रंथी असते, कधी पीसीओएस, कधी नुसते चाळिशीपुढचे वय.

म्हणून हिशेब ठेवावा. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीपर्यंत २४ ते ३८ दिवस, आणि स्राव फार तर ८ दिवस, हे सर्वसाधारण मान. तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागणे, मोठ्या गाठी पडणे, मध्येच रक्त दिसणे, ही डॉक्टरांना सांगण्याची लक्षणे होत. नुसत्या रंगावरून मात्र निदान होत नाही. काळपट रक्त म्हणजे बहुधा सावकाश बाहेर आलेले जुने रक्त. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसले, तर कर्करोगाची शंका आधी फेडून घ्यावी.

हा हिशेब कोणी पाहिला नाही म्हणजे काय होते? बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या महिलांसंबंधी शासनाने २०१९ साली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक! मजुरी टनावर, एक दिवस चुकला की खाडा, फडात ना आडोसा ना पाणी. अशा बाईला पाळीच नकोशी झाली आणि ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला पटला, तर दोष तिचा कसा?

काही आजारांत ती शस्त्रक्रिया लागतेच. पण तिने थायरॉइड बरा होत नाही. सोबत अंडाशयेही काढली, तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे वय लादले जाते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. कोयता तर हातातून सुटत नाहीच.

मागावर सूत वारंवार तुटू लागले तर आम्ही आधी ताण पाहतो, सुताची जात पाहतो, हवेतला दमटपणा पाहतो. माग भंगारात घालीत नाही. मग माणसाच्या शरीराला एवढाही न्याय नको? शस्त्रक्रियेआधी रक्ताची तपासणी, सोनोग्राफी आणि दुसऱ्या डॉक्टरचे मत. फडावर संडास आणि पाणी. आणि दुखणाऱ्या दिवसाला खाडा नाही, या आमच्या मागण्या आहेत. आणि घरोघरच्या पुरुषांना एवढेच सांगणे, की भिंतीवरच्या कॅलेंडरावर दुधाच्या खाड्यांची खूण होते, तशी ही खूणही लाज न बाळगता होऊ द्या.