कोकणातील घर आणि थंड हवेचे यंत्र



उन्हाळा लागला की घरात वातानुकूलन यंत्र बसवावे काय, हा प्रश्न ओरोस, कुडाळ, मालवण येथील अनेक कुटुंबांत निघतो. यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी आपल्या हवेचा स्वभाव जाणून घेणे हिताचे.

नागपुराकडे वैशाखात हवा भाजून काढते, परंतु ती कोरडी असते. म्हणून वाळ्याच्या ताट्या व पाण्याचा कूलर यांनी तेथे पुष्कळ काम भागते. आपल्याकडे पारा तितका चढत नाही. मात्र हवेत बाष्प इतके असते की अंगावरचा घाम वाळत नाही. येथे कूलर लावणे म्हणजे ओलीत ओल घालणे होय. १९०२ साली अमेरिकेत विलिस कॅरियर यांनी जे यंत्र योजिले, तेही ब्रुकलिनमधील एका छापखान्याची दमट हवा ताब्यात ठेवण्यासाठी. हवेतील ओल काढणे हे या यंत्राचे आद्य कार्य. आणि कोकणात आपणांस त्याचीच निकड अधिक.

यंत्राची शक्ती टनात मोजतात. हा टन वजनाचा नव्हे. एक अमेरिकी टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता त्याच अवधीत खोलीबाहेर टाकण्याची ती शक्ती. सुमारे १२० चौरस फुटांच्या निजावयाच्या खोलीस १ टनाचे यंत्र सामान्यतः पुरते. ‘मोठे घेतलेले बरे’ हा विचार येथे नडतो. फार मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते व ओल काढण्यास त्यास अवसर मिळत नाही. मग हवा गार, पण अंथरूण दमटच.

खोलीवर उघडी कौले असतील, तर पहिला खर्च छताखाली तक्तपोशी करण्याचा. त्यावाचून थंडावा कौलांच्या फटींतून निघून जाईल आणि विजेचे देयक मात्र हाती राहील.

चाकांवर फिरणारे यंत्र भाड्याच्या घरात सोयीचे खरे. परंतु एकाच नळीचे यंत्र खोलीतील हवा बाहेर फेकते आणि तितकीच दमट हवा दारे-खिडक्यांच्या फटींतून आत ओढली जाते. त्याचा आवाजही खोलीतच राहतो. म्हणून जेथे खिडकीस हात लावता येत नाही, तेथेच ते घ्यावे.

खिडकीतील यंत्रासाठी प्रथम भिंतीची जाडी मोजावी. त्याच्या बाहेरील भागाच्या दोन्ही बाजूंस हवा घेण्याच्या झडपा असतात. जांभ्याच्या जाड भिंतीत त्या दडल्या तर यंत्र गुदमरते. म्हणून त्या भिंतीबाहेर मोकळ्या राहतील असे भक्कम लोखंडी घोडे लावावे. यंत्रास बाहेरच्या बाजूस किंचित उतार द्यावा, म्हणजे गळणारे पाणी भिंतीत मुरणार नाही. वरून पावसाची झड अडविणारे छप्पर असावे. पण बाजूंची व मागची हवा कोंडू नये. विजेसाठी १६ अँपियरची स्वतंत्र जोडणी व खात्रीची अर्थिंग यांत काटकसर करणे म्हणजे जिवाशी खेळ.

समुद्रकाठी खारा वारा धातूच्या पातळ पत्र्या खाऊन टाकतो. तेव्हा त्यांवर संरक्षक लेप असलेले यंत्र निवडावे आणि बाहेरचा भाग जाणकाराकडून, वीज पूर्ण तोडून, गोड्या पाण्याने वेळोवेळी धुवून घ्यावा. आतील जाळी महिन्यातून दोनदा आपणच धुवावी.

१ जानेवारी २०२० पासून आपल्या देशातील अशा यंत्रांचे मूळ तापमान २४ अंश ठेवण्याचा नियम झाला. हवेतील ओल गेली की त्यावर सुखाची झोप लागते. मग १८ अंशांचा हव्यास कशास? घरातील वृद्धांस व तान्ह्या मुलांस कोरडी, सौम्य हवा मिळावी, एवढ्यासाठीच हा खर्च करावयाचा आहे.