जायचं कुठं, राहायचं कुठं
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

१९९५ च्या दहावीच्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला 'माझी वाटचाल' असा विषय दिला होता. तो कागद मी पर्समध्येच ठेवते. कारण काल रात्री पंगतीत बसल्यापासून मला वाटचालीबद्दल एकानंही विचारलं नाही. विचारलं ते हे: पोराला पुण्याला पाठवू का? नागपूरच्या बाजूला एक प्लॉट पाहून ठेवला आहे, घेऊ का? आणि एकानं हळूच, बायकोला ऐकू जाणार नाही असं पाहून, "एकरभर बांधी काढली तं पुण्यात किती फूट येते?" म्हणून मी त्याच्यावरच बोलते. सर, विषय सोडून बोलल्याचे मार्क कापायचे असतील तर कापा.

आपण दहावी झालो तेव्हा गोंदियासुद्धा भंडारा जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा १९९९ ला झाला. करडीतून बाहेर पडायचं म्हणजे तुमसर नाहीतर भंडारा, आणि फार झालं तर नागपूर. बारावीनंतर १९९७ ला मी नागपूरला इंजिनीअरिंगला गेले. २००१ ला डिग्री हातात आली तेव्हा सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या जगभरातच आटल्या होत्या. वर्षभर वाट पाहून २००२ ला महाराष्ट्र एक्सप्रेसनं पुण्याला गेले. भंडारा रोडला बसायचं, अख्खा दिवस आणि जवळजवळ अख्खी रात्र गाडीत काढायची.

हिंजवडी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तो मुळशी तालुका, आणि मुळशी म्हणजे भाताचा मुलूख. कंपनीच्या काचेच्या इमारतीतून खाली पाहिलं तर बांध दिसायचे, आपल्यासारखेच. पावसाळ्यात तिथंही चिखलात वाकलेल्या बाया दिसायच्या. ते बांध एकेक करून गेले. काहींच्या जमिनी एमआयडीसीनं घेतल्या, काहींच्या बिल्डरनं. पैसा आला, बंगले झाले, गाड्या आल्या. काही घरं सावरली, काहींचा पैसा एका पिढीतच संपला. हे मी ऐकीव सांगत नाही. माझे पहिले घरमालक त्यातलेच होते. भात पिकवणारा तो माणूस रेशनच्या तांदळाला नावं ठेवत बाजारातून तांदूळ आणायचा.

आता शहराच्या कडेला राहणं म्हणजे काय, ते जरा नीट सांगते, कारण जाहिरातीत ते नसतं. हिंजवडीतला आयटी पार्क एमआयडीसीचा. त्याच्या भोवतालचं हिंजवडी, माण, मारुंजी हे ग्रामपंचायतीचं. शेजारचं वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत. आणि या सगळ्या पट्ट्याचं नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएकडे. रस्त्यात खड्डा पडला तर तो कुणाचा, हे ठरेपर्यंत दुसरा पावसाळा येतो. बिल्डिंग वीस मजल्यांची, लिफ्ट चकाचक, आणि पाणी टँकरचं. बांधकामाला परवानगी मिळते तेव्हा बिल्डर हमीपत्र देतो की सरकारी पाणी येईपर्यंत मी पाणी पुरवीन. सोसायटी ताब्यात आली की ते बिल आपल्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. हा प्रश्न इतका पेटला होता की २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पाण्याच्या कारणावरून बाणेर-बालेवाडीतल्या नव्या बांधकामांना मनाई केली होती. आणि बाणेर-बालेवाडी तर महापालिकेच्या हद्दीत!

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हा गॅलरीतून टँकर रिकामा होताना पाहत होती. म्हणाली, "इथं पानी इकत घेतेत काहून बाई? एवढा पाऊस तं पडते." मी तिला महापालिका, ग्रामपंचायत सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग बोडी काहून नाही खोदत?" बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून माझ्याकडे याचं उत्तर नाही. ती आजही दिवाळीनंतर येते आणि मृग लागायच्या आत परत जाते. पऱ्हे टाकायच्या वेळी ती पुण्यात थांबत नाही, कितीही सांगा.

गावं शहरात जाणं हाही एक तमाशाच आहे. पुणे महापालिकेत २०१७ ला अकरा गावं गेली, २०२१ ला आणखी तेवीस. लोकांना वाटलं आता नळ येईल. आधी आली कराची बिलं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावं महापालिकेत जाऊन पुन्हा बाहेर निघाली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. म्हणजे घर जागेवरच, आणि त्याचा पत्ता दोनदा बदललेला.

पण तुमच्यापैकी बहुतेकांच्या मनात पुणं नाही, नागपूर आहे. तेच मला जास्त पटतं. वडिलांना ताप आला तर नागपूरचा पोरगा त्याच दिवशी करडीत पोचतो. पुण्याचा पोरगा फोनवर बोलतो. नागपूरची कथाही तीच आहे, फक्त वीस वर्षं मागून येते आहे. एनएमआरडीए २०१७ ला झालं, मेट्रो २०१९ ला सुरू झाली, समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये मुंबईपर्यंत पूर्ण खुला झाला. भंडारा रोडनं जाताना मौद्यापासून पुढं दोन्ही बाजूंना पाहा, धानाच्या बांध्यांत चुन्याच्या रेघा आणि रंगीत झेंडे. नागपूरला लेआउटचा इतिहास काही नवा नाही. ५७२ आणि १९०० लेआउट हे आकडे तिथं रिक्षावाल्यालाही पाठ आहेत. आधी प्लॉट विकले, मग लोकांनी घरं बांधली, मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित करण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं खेटे घालत राहिली. आपल्या वर्गातलाच एक जण यात अडकला. त्याची परवानगी घेऊन सांगते, नाव मात्र नाही. लेआउटवाल्यानं त्याला स्टॅम्पपेपरवर करारनामा करून दिला, पावत्या दिल्या, वर्षातून एकदा जेवण दिलं. रजिस्ट्री आजपर्यंत नाही. सातबाऱ्यावर आजही मूळ शेतकऱ्याचंच नाव आहे.

म्हणून प्लॉट पाहायला जाताना गेटची कमान पाहू नका, सातबारा पाहा. त्यावर भोगवटादार वर्ग-२ लिहिलं असेल तर परवानगीशिवाय ती जमीन विकताच येत नाही. एनए-टीपी आहे का, की नुसतं "होऊन जाईल" आहे? आरएल दाखवत असतील तर त्याच प्लॉट नंबरचं आहे का? लेआउट नवा असेल तर महारेराचा नंबर मागा आणि घरी येऊन मोबाईलवर तपासा. रेराप्रमाणे नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर रक्कम घेता येत नाही. समोरचा घाई करायला लागला की चहा पिऊन उठा.

आणि सगळी बांधी विकू नका. हे मी भावनेनं सांगत नाही. आपल्याकडे शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते. शेवटचा तुकडा विकला की सातबाऱ्यावरून नाव जातं, आणि उद्या मुलाला परत घ्यावीशी वाटली तर तो शेतकरी असल्याचा पुरावा कुठून आणणार? दहा-वीस गुंठे तरी नावावर राहू द्या. पुण्यात माझ्या ऑफिसात लाखांनी पगार घेणारी मुलं आहेत, त्यांना एक गुंठा शेत घेता येत नाही.

पोरांना पाठवायचं तर जरूर पाठवा. पण पहिली दोन-तीन वर्षं भाड्यानं राहू द्या. नोकरी वाघोलीला लागते की तळेगावला, हे आधी कळत नाही, आणि हप्ता डोक्यावर असलेला मुलगा वाईट नोकरीही सोडू शकत नाही.

आता एक, जे मला काल यादी वाचताना जाणवलं. गाव सोडून गेलेल्यांचा सत्कार म्हणून आठ नावं वाचली, त्यात मुली दोन. अरे, आपल्या वर्गातल्या जवळजवळ सगळ्याच मुलींनी गाव सोडलं! कुणी तिरोड्याला गेली, कुणी बालाघाटला, कुणी नागपूरच्या कडेला अशाच एका लेआउटमध्ये, जिथं पहिली सहा वर्षं रस्ता नव्हता. अनोळखी जागी घर उभं करणं माझ्याआधी त्यांनी केलं, तेही एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी, आणि हातात डिग्री नसताना. पुढच्या मेळाव्याला ती यादी नीट करा, एवढी संयोजकांना विनंती.

मी उद्या दुपारपर्यंत आईकडेच आहे. ज्यांनी प्लॉटचे कागद आणतो म्हटलं आहे, त्यांनी सकाळी नऊच्या आत या. झेरॉक्स नको, मूळ कागद आणा. आणि ज्यानं बांधीचं विचारलं, त्यानं बायकोला सोबत आणावं.