शेवाळ तेल खातं का?

आज बोलायचंय तुमच्या गाडीच्या जळक्या ऑइलबद्दल.

आमच्या अर्धापुरात मोठा पाऊस झाला की रस्त्याकडेच्या डबक्यांवर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. दिसायला भारी, पण तो तेलाचा तवंग असतो. तो वाहत ओढ्यात, पुढं आसनेत आणि शेवटी गोदावरीत जातो.

सूक्ष्म शेवाळ असं तेल साफ करतं, हे तुम्ही कुठंतरी ऐकलं असेल. म्हणजे नेमकं काय होतं?

तेल खाण्याचं मुख्य काम बॅक्टेरिया करतात. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं धडकली, सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडलं. तेव्हा किनाऱ्यावरच्या सफाईत टेरी संस्थेचं 'ऑइलझॅपर' वापरलं गेलं. तेही बॅक्टेरियाचंच मिश्रण.

पण या बॅक्टेरियाला ऑक्सिजन लागतो, आणि तवंगाखालच्या पाण्यात नेमका तोच कमी पडतो. इथं शेवाळ कामाला येतं. क्लोरेलासारखं शेवाळ इतकं बारीक, की केसाच्या जाडीत दहा-बारा पेशी शेजारी शेजारी बसतील. उन्हात ते ऑक्सिजन सोडतं, तो बॅक्टेरिया वापरतात. बॅक्टेरिया तेल फोडताना कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ घेतं. दोघांची भागीदारीच म्हणा ना! काही शेवाळं थोडंफार तेल स्वतःही फोडतात. प्रोटोथेका नावाच्या रंगहीन शेवाळाबद्दल हे १९७५ मध्येच समोर आलं होतं.

केळीला जसं खत लागतं, तसं या जोडीलाही नत्र-स्फुरद लागतं. नुसत्या तेलात ते जवळपास नसतंच.

आता अडचण ऐका. तवंग जाड असला की ऊन आत जात नाही आणि शेवाळच मरतं. म्हणून वरचं तेल आधी काढावंच लागतं. शिवाय जळक्या ऑइलमध्ये इंजिनातले धातू उतरलेले असतात. शेवाळ ते धरून ठेवतं, पण त्यांना संपवू शकत नाही. शेवाळ वेळेत बाहेर काढलं नाही, तर ते सडतं, धातू परत पाण्यात येतात आणि मासे गुदमरतात.

म्हणजे ही पद्धत उथळ, उन्हातल्या, देखरेखीखालच्या तलावात चालते. वाहत्या ओढ्यात बाटलीभर शेवाळ ओतून काही होत नाही बघा.

मग आपल्या हातात काय? बाइकच्या एका सर्व्हिसिंगला साधारण लिटरभर ऑइल निघतं. आपल्या देशात २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार ते अधिकृत रिसायकलरकडेच जायला पाहिजे. तेव्हा पुढच्या वेळी गॅरेजवाल्या दादांना एवढंच विचारा, "दादा, काढलेलं ऑइल कुठं जातं?" ड्रममध्ये साठवत असतील तर बेस्ट. नालीत जात असेल तर दोन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक ड्रम ठेवायला काय हरकत आहे?

उत्तर काय मिळालं, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!