दुबईला गेलेला मामा

माझ्या मालिका-लेखक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदासाठी माझी निवड केलीत, मी आभारी आहे. आधीचे अध्यक्ष माझ्याहून मोठे होते, हे दरवर्षी म्हणायचं असतं. यंदा ते खरंही आहे. छोट्या पडद्यावरच्या समलिंगी आणि तृतीयपंथी पात्रांचा आढावा घ्यायला मला सांगितलंय. तो भरभर घेतो.

पडद्याबाहेर बघाल, तर तेंडुलकरांची 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आली १९८१ मध्ये. चेतन दातारांनी '१, माधवबाग'मध्ये मुलाचं गुपित आईच्या तोंडून सांगितलं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. टीव्हीवर बघाल, तर तमिळमध्ये २००८ साली 'इप्पडिक्कू रोझ' हा कार्यक्रम एक ट्रान्स स्त्री स्वतः चालवत होती. हिंदीत २०१० मध्ये 'मर्यादा'त समलिंगी नवरा आला, २०१६ मध्ये 'शक्ती'ची नायिका किन्नर होती. तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या आयुष्यावर 'ताली' केली ती आपल्या रवी जाधवांनी, २०२३ मध्ये. पण हिंदीत आणि ओटीटीवर. आपल्या वाहिन्यांवर मात्र साडी नेसलेला पुरुष हशा वसूल करून जातो. नाहीतर एखादं पात्र चार भागांच्या ट्रॅकपुरतं येतं, रडतं आणि निघून जातं.

आढावा संपला. आता माझं दुखणं.

२०१० साली माझी एक रोजची मालिका चालू होती. तिच्यात नायिकेचा मामा होता. चाळिशीचा, बिनलग्नाचा, आमटीत मीठ कमी पडलं की घर डोक्यावर घेणारा. त्याचा एक मित्र दर रविवारी जेवायला यायचा. साठ भाग कुणी काही विचारलं नाही. एकसष्टाव्या भागात मी त्या मित्राला आजारी पाडलं. मामा रात्रभर दवाखान्यात बसलाय आणि नर्स विचारते, "तुम्ही यांचे कोण?" मामा गप्प. एवढाच सीन.

वाहिनीतून फोन आला. "सर, लोक घरात एकत्र बसून बघतात." मी भांडलो, असं सांगायला आवडलं असतं. भांडलो नाही. घराचे हप्ते चालू होते. सीन काढला आणि वीस मिनिटांत मामाला दुबईत नोकरी लावून दिली.

मंडळी, आपल्या धंद्यात दरीत पडलेला नवरा लीपनंतर नवा चेहरा घेऊन परत येतो. माझा मामा विमानानं गेला होता, तरी आला नाही.

सकाळच्या परिसंवादात एक गट म्हणाला, प्रेक्षक अजून तयार नाही. मालिका बंद झाल्यावर कराडला एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आजींनी मला गाठलं. "त्या मामाला कुठं घालवलासा?" म्हटलं, दुबईला. "आन् त्येचा त्यो रविवारचा माणूस?" मला उत्तर सुचेना. "म्हंजे एकटाच ऱ्हायला म्हणा की," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात अक्षता दिल्या. प्रेक्षक तयार नाही म्हणणाऱ्यांनी कराडला जाऊन यावं.

दुसरा गट म्हणाला, त्या समाजातल्यांनीच हे लिहावं. तो सीन टाइप करणारा आमच्याकडचा मुलगा मला दारापाशी थांबवून म्हणाला होता, "सर, नर्स विचारते, 'भाऊ का?' आणि आपण 'हो' म्हणतो." माझा मामा गप्प बसला होता, कारण गप्प बसण्यापलीकडे मला काही सुचलंच नव्हतं. तो 'हो' त्या मुलाचा होता. तेव्हा त्यांनी लिहायलाच हवं. पण त्या मुलाला आपण टाइप करायला बसवलं होतं, लिहायला नाही, हेही लक्षात ठेवा.

खरी गोम आणखी खोल आहे. आपली मालिका लग्नावर चालते: ते ठरतं, मोडतं, मंगळसूत्र तुटतं, महाएपिसोड होतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून समलिंगी माणसांची सुटका केली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयानं त्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता द्यायला नकार दिला. ज्याचं लग्न लागत नाही, त्याचं करायचं काय, हे आपल्याला कळत नाही. मग आपण त्याला आजारपण देतो, कोर्ट देतो, नाहीतर परदेशी धाडतो.

संघटनेनं त्या समाजातल्या लेखकांसाठी कार्यशाळा घ्यावी, वाहिन्यांशी बोलणी करावीत. एक समितीही नेमू. तपशील कार्यकारिणी ठरवेल. समित्यांचा माझा अनुभव तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुमच्याकडे वेगळं मागणं मागतो. तुमच्या प्रत्येकाच्या सेटवर जेवणाचं टेबल आहे. त्याला एक खुर्ची वाढवा. ट्रॅक नको, प्रोमो नको. तिथं बसणाऱ्याला आमटीत मीठ कमी आहे, एवढंच म्हणू द्या. रविवारी त्याच्या माणसालाही जेवायला बोलवा.

आणि वाहिनीचा फोन आला, तर माझ्यासारखं दुबईचं तिकीट काढू नका.