पुढचें अद्भुत पुस्तक कोणतें?

तुमसर रोड स्थानकावर तिरोडीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंत एखादा तरुण मांडीवर कादंबरी उघडून बसलेला आढळतो. ग्रहांतरींच्या प्रवासाची ती कथा गाडी येण्यापूर्वींच संपते, आणि त्याच्या चेहऱ्यावर समाधानापेक्षां चिंताच अधिक दिसूं लागते. आतां पुढें काय वाचावें?

ही चिंता थट्टेवारी नेण्याजोगी नाहीं. तुमसर ही धानाची बाजारपेठ. पुस्तकांच्या मोठ्या दुकानांसाठीं नागपूर गांठावें लागतें, आणि तें सुमारें ८० किलोमीटर दूर. घरबसल्या दूरध्वनीवरून पुस्तक मागवितां येतें हें खरें. पण तेथें मुखपृष्ठ दिसतें, स्तुति दिसते, मधलेंच एखादें पान उलटून पाहण्याची सोय मात्र क्वचितच असते. मध्यम स्थितींतील घरांत वर्षाकाठीं अशीं चार-दोन पुस्तकें येणार. त्यांतलें एक फसलें तर पैसे गेल्याचें दुःख थोडें. परंतु चौदा वर्षांच्या मुलाच्या हातीं भलत्या वेळीं भलतें पुस्तक पडलें, तर ‘हें सारें असलेंच असतें’ असा त्याचा ग्रह होतो, आणि तो पुढें वर्षानुवर्षें पुसला जात नाहीं.

मराठी घरांत या जातीच्या पुस्तकांविषयीं दोन टोकांचीं मतें पूर्वींपासून नांदत आलीं आहेत. १८६१ सालीं कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं भाषांतरिलेल्या अरबी गोष्टी प्रसिद्ध होऊं लागल्या. त्याच वर्षीं हळबे यांची ‘मुक्तामाला’ निघाली, आणि वाचकांस अद्भुताची चटक लागली. १८७२ मध्यें काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनीं नावल व नाटक यांविषयीं निबंध लिहून असंभाव्य कथानकांचा चांगलाच समाचार घेतला. पुढें हरि नारायण आपटे यांनीं घरोघरचें खरें जीवन कादंबरींत आणलें, तेव्हां अद्भुत म्हणजे पोरकट असें शिष्टांनीं ठरवून टाकलें. तरीहि नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला आणि तो आवडीनें वाचला गेला. एकाला सर्वच अद्भुत त्याज्य, दुसऱ्याला सर्वच गोड! निवडीचा प्रश्न या दोघांनाहि पडत नाहीं. तो पडतो तिसऱ्याला, ज्याला अद्भुत हवें आहे पण वाटेल तें नको आहे.

असा वाचक बहुधा पहिली कसोटी लावतो ती विज्ञानाच्या अचूकपणाची. ती दिसते तितकी कामाची नाहीं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यानें १८६५ मध्यें आपले तीन प्रवासी ९०० फूट लांबीच्या तोफेंतून चंद्राकडे डागले. १९०१ मध्यें इंग्रज लेखक वेल्स यानें गुरुत्वाकर्षण अडविणारा एक पदार्थ कल्पून त्याच्या बळावर आपले प्रवासी तेथेंच पोंचविले. वृद्ध व्हर्नला हें मुळींच रुचलें नाहीं. आपण पदार्थविज्ञान वापरतों, हा गृहस्थ मात्र मनानें रचतो. कोठें आहे तो पदार्थ, दाखवा म्हणावें, अशी त्याची तक्रार होती. तक्रार रास्त खरी, पण व्हर्नच्या तोफेंतले प्रवासी बार उडतांक्षणींच चिरडून गेले असते! १९६९ सालीं माणूस चंद्रावर उतरला तो ना तोफेनें, ना त्या पदार्थानें. आणि तरीहि तीं दोन्हीं पुस्तकें अजून वाचलीं जातात. व्हर्नमध्यें हिशोबाचा आनंद आहे, तर वेल्समध्यें चंद्रावरच्या विचित्र समाजाकडे पाहतां पाहतां आपल्याच समाजाची ओळख पटण्याचा. दोघांपैकीं कोण मोठा हा वाद व्यर्थ होय. वाचकाला यांतला कोणता आनंद हवा आहे, एवढेंच पाहावयाचें.

खरी कसोटी वेल्सनेंच १९३३ मध्यें आपल्या कादंबऱ्यांच्या एका संग्रहाच्या प्रस्तावनेंत सांगितली आहे. अशक्य गोष्ट एकच गृहीत धरावी. बाकी सारें रोजच्या व्यवहारासारखें चालावें. कांहींहि घडूं शकतें असें ठरलें कीं कशाचीच उत्कंठा उरत नाहीं. या नियमाचा मराठींतील उत्तम नमुना म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा. १७६१ च्या त्या रणांत विश्वासरावांना लागलेली गोळी नेमकी हुकली, एवढीच कल्पना. मग पेशवाई टिकते, कंपनी सरकारला हिंदुस्थानचें राज्य मिळत नाहीं, आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत मुंबईंत उतरतात ते भलत्याच मुंबईंत. गोळी केसभर सरकली. बाकीचें तर्कानेंच झालें.

गृहीत धरलेली गोष्ट गृहीतच आहे हें मान्य करण्याचा प्रामाणिकपणाहि पुस्तकांत पाहिजे. पूर्वजांना हें सारें ठाऊकच होतें, अशा थाटांत लिहिलेलीं पुस्तकें कादंबरीच्या शेजारीं मांडलेलीं असतात. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं ‘वैमानिक शास्त्र’ नांवाच्या ग्रंथांतील विमानें तपासलीं आणि तीं उडण्याजोगीं नाहींत असा निर्वाळा दिला. कादंबरींतलें विमान न उडालें तरी चालतें; कारण तें उडतें असें तिनें कोणाला शपथेवर सांगितलेलें नसतें.

त्याच वर्षीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत नारायण विनायक जगताप या नांवानें ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि तिला पारितोषिक मिळालें. जगताप म्हणजे स्वतः नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनीं तें नांव घेतलें होतें, परीक्षकांवर आपल्या कीर्तीचें दडपण नको म्हणून. पुढचें पुस्तक निवडतांना वाचकानेंहि हीच युक्ति करावी: वेष्टणावरील नांव झांकून पहिलीं दहा पानें वाचावीं. भाषांतर असेल तर एक पान मोठ्यानें वाचावें; अडखळणारी वाक्यें डोळ्यांना फसवितात, जिभेला नाहीं.

मागच्या पुस्तकानें मनांत काय शिल्लक ठेविलें, हें मात्र विसरूं नये. गंगाधरपंतांची कथा वाचून ज्याच्या मनांत इतिहासाचें तें वळण घोळत राहिलें, त्यानें फिलिप डिक या अमेरिकन लेखकाची ‘द मॅन इन द हाय कॅसल’ ही १९६२ ची कादंबरी पाहावी. तींत दुसरें महायुद्ध जर्मनी व जपान यांनीं जिंकलेलें आहे. ज्याला यंत्राच्या बुद्धीचें कुतूहल वाटलें, त्याला नारळीकरांचीच ‘वामन परत न आला’ आहे. सत्तेचे डावपेंच आवडणाऱ्या वाचकानें ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ लिहिणाऱ्या अरुण साधूंची ‘विप्लवा’ ही विज्ञानकादंबरी अवश्य मिळवावी.

जादूच्या कादंबऱ्यांना निराळा न्याय लावावा असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. भस्मासुराची गोष्ट घरोघर ठाऊक आहे. ज्याच्या मस्तकावर हात ठेवावा तो भस्म व्हावा, असा त्याला वर मिळाला. त्यांत खुद्द भस्मासुराचें मस्तक वगळलेलें नव्हतें. मोहिनीनें नवा मंत्र काढला नाहीं, जुन्याच नियमांत त्याला नाचवीत नेलें. चांगली जादूची कादंबरी अशीच आपल्या नियमाला बांधलेली असते. टोल्कीनच्या अंगठीची शक्ति धारण करणाऱ्यालाच पोखरीत जाते, आणि तें संकट लेखक आयत्या वेळीं मंत्रानें उडवून लावीत नाहीं. ज्या पुस्तकांत दर संकटाला नवी विद्या निघते, तें अर्ध्यांत सोडण्यांत कांहींच अपराध नाहीं. मालिकांविषयीं इतकेंच कीं सारे भाग एकदम मागवूं नयेत. टोल्कीनचा मोठा ग्रंथ १९५४-५५ मध्यें तीन खंडांत निघाला. त्याआधींचा १९३७ चा आटोपशीर ‘हॉबिट’ रुचतो कीं काय हें आधीं पाहावें.

तुमसरच्या एखाद्या घरांत मुलगा गंगाधरपंतांची कथा मिटवून विचारील, विश्वासराव वांचले असते तर आपल्या नागपूरच्या भोसल्यांचें काय झालें असतें? १८५३ मध्यें तिसरे रघूजी वारले आणि डलहौसीनें तें राज्य खालसा केलें. त्याच राज्यांत भंडाऱ्याचा हा मुलूख होता. अशा मुलाच्या हातीं लगेच दुसरी विज्ञानकादंबरी देण्याची घाई वडिलांनीं करूं नये. यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हा १९३४ चा ग्रंथ एखाद्या ग्रंथालयांत मिळाला तर तो आणावा. त्यांतलीं जानोजी भोसल्यांविषयींचीं पानें मुलाला वाचूं द्यावीं आणि गोळी कोठें हुकवावयाची, तें त्यालाच ठरवूं द्यावें.