थोरलेपणाला सोडमुंज नाही



आपल्या भाषेतील 'दादा' हा शब्द मोठा विलक्षण आहे. घरात तो उच्चारला की त्यात माया असते. तोच नाक्यावर उच्चारला की माणसे आपला आवाज खाली आणतात. ज्या शब्दाने बहीण भावाला पाटावर बसण्यासाठी हाक मारते, त्याच शब्दापासून आपण 'दादागिरी' तयार केली. 'भाऊ' या शब्दाचीही तीच गत. भाऊबीज आपली आणि भाऊबंदकीही आपलीच! भाषा असले शब्द उगाच घडवीत नाही. माया करणारा आणि धाक घालणारा माणूस एकच असला म्हणजे असे होते.

आता हा माणूस थोरला होतो तरी कसा, ते पाहावे. अडीच-तीन वर्षांचे पोर अंगणात खेळत असते. घरात दुसरा पाळणा हलतो आणि कोणीतरी आत्या किंवा मावशी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणते, "आता तू मोठा झालास हो!" झाली नेमणूक! उमेदवाराला कोणी विचारले नाही, मुदत कोणी ठरविली नाही. पुढे पाटावरचा पहिला लाडू धाकट्याला, फुटलेल्या कपबशीचा जाब मात्र थोरल्याला. आपल्याकडे मुंजीला सोडमुंज आहे. थोरलेपणाला सोडमुंज नाही. धाकटा पन्नाशीला आला, सरकारी हुद्द्यावरून निवृत्त होण्याच्या बेतात आला, तरी थोरला त्याला "स्टेशनवर वेळेत पोच" असे बजावीत असतो. धाकटा चिडतो. आम्हांस विचाराल तर, चिडण्यापूर्वी त्याने एवढेच ध्यानात घ्यावे की, या माणसाला दुसरे काही शिकविलेच गेले नाही.

बाप गेल्यावर तर ही नेमणूक पक्की होते. जुन्या हिंदू कायद्याने एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून सामान्यतः वडील पुरुषालाच मानले. व्यवहार त्याने पाहावा, कर्ज त्याने काढावे, लग्नकार्ये त्याने उरकावी. श्रोत्यांतील भगिनी मनात म्हणत असतील, की अहो, आमच्या घरी हे सारे थोरल्या बहिणीने केले, तिला कर्ता कोण म्हणाले? बरोबर आहे. महाराष्ट्रात 1994 साली आणि सबंध देशात 2005 साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क मिळाला. त्यापूर्वी किती तरी घरांत तिच्याकडे जबाबदारी तेवढी आली. अधिकार भावाच्या नावे राहिला.

पण अधिकाराची गोष्ट पुष्कळ बोलली जाते. थोरल्याने काय सोडले, ही गोष्ट बोलली जात नाही. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपणां सर्वांना ठाऊक आहे. परळच्या चाळीतील ती एकच खोली, भल्या पहाटे मुलाला अभ्यासाला उठविणारे रामजी सुभेदार, हे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. त्याच चरित्रात एक लहानशी गोष्ट आहे. दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च पेलेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि भीमरावांचे शिक्षण चालू राहिले. चरित्रकार हे एका वाक्यात सांगून पुढे जातो. त्याला पुढे जाणे भागच आहे, कारण पुढे कोलंबिया आहे, लंडन आहे, महाड आहे. आनंदराव पुढे वारले. त्यांच्या पश्चात वहिनी आणि पुतण्या मुकुंद यांचा सांभाळ बाबासाहेबांनी आपल्या घरी केला. सोडलेल्या शाळेची परतफेड पैशांत होत नाही हे खरे, पण धाकट्याला ती आठवत होती, एवढे त्यावरून दिसते.

सर्वच घरांत ती आठवत नाही. एक भाऊ गावी राहिला. त्याने आईबापांचे दुखणे काढले, शेत राखले. दुसरा पुण्यास किंवा परदेशी गेला आणि वरचेवर पैसे पाठवीत राहिला. दोघांपैकी कोणी लबाड नाही. परंतु वाटणीच्या दिवशी, तलाठ्यापुढे सातबारा उघडला की दोघांच्याही मनात एकेक वही उघडते, आणि त्या दोन वह्यांचा मेळ बसत नाही. याचे मूळ कशात असेल तर ते थोरल्याच्या एका लाडक्या वाक्यात आहे. "मला काही नको!" वीस वर्षे तो हे म्हणत असतो आणि धाकटे ते खरे मानून चालतात. वस्तुतः त्याला हवे असते. आणि ते न मागता मिळावे हेही हवे असते. या वाक्याने जितकी घरे मोडली, तितकी लोभाने मोडली असतील असे आम्हांस वाटत नाही.

या बाबतीत थोरल्या शिवाजी महाराजांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. शहाजीराजे 1664 साली गेले. कर्नाटकातील दौलत सावत्र धाकट्या भावाकडे, व्यंकोजीराजांकडे राहिली. 1677 साली दक्षिणेच्या स्वारीत महाराज त्यांना भेटले आणि त्यांनी वडिलांच्या दौलतीतील निम्मा वाटा सरळ मागितला. लाज नाही, आडपडदा नाही. व्यंकोजीराजे काही दिवसांनी रातोरात निघून गेले. पुढे लढाईही झाली. म्हणजे भाऊबंदकी पुरती झाली! पण तह झाला तेव्हा महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख भावजयीला, दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. तिने घर सावरण्यासाठी केलेली खटपट त्यांनी ओळखली होती. नंतर व्यंकोजीराजे खिन्न होऊन वैराग्य धरून बसले, तेव्हा याच भावाने त्यांना पत्र लिहून कामाला लागण्यास बजावले. ज्याच्याशी वाट्यासाठी लढला, त्याच्या उदास बसण्याची काळजीही त्यालाच! आमच्या मते वाटा स्पष्ट मागितला, म्हणूनच हे पत्र लिहिता आले. मनातल्या मनात कुढणाऱ्याच्या हातून असले पत्र उतरत नाही.

आणि सर्वांत थोरला तो निवृत्तिनाथ. परंपरेचे सन धरले तर ज्ञानदेवांहून दोनच वर्षांनी मोठा. आईबाप गेले, तीन भावंडे पदरात आली. त्यांतल्या एकाला त्याने शिष्य केले, आणि त्या शिष्याने ग्रंथात जागोजागी गुरू म्हणून त्याचेच नाव घेतले. 1296 साली आळंदीला ज्ञानदेव समाधीला बसले, तेव्हा हाताला धरून नेणाऱ्यांत निवृत्तीच होता. त्या वेळी त्याला शोक आवरेनासा झाला, असे नामदेवांच्या नावावरील अभंगांत वर्णन आहे. तो नाथपंथी, गुरुपदाचा, आणि नावाने निवृत्ती! त्यानंतर सासवडला सोपान गेला, तापीकाठी मुक्ताबाई गेली. वर्षभरात तिघांनाही पोचवून झाले, आणि मगच थोरला त्र्यंबकेश्वराच्या वाटेला लागला.