लेकराची धाप



आषाढाचा पाऊस लागला, की सावित्री, काळ आणि गांधारीच्या काठी घराघरांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. दारे-खिडक्या बंद, चुलीत ओले सरपण, घरभर धूर, आणि त्यात सर्दीने चोंदलेले तान्हे मूल. यांतली बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत आपोआप बरी होतात. पण एखाद्याचे दुखणे घशातून खाली उतरून फुप्फुसात जाते. डॉक्टर त्याला न्यूमोनिया म्हणतात. घरातली आजी म्हणते, ‘पोराचं पोट उडतंय.’ खरे सांगायचे तर, आजीचे हे निदान पुष्कळदा बरोबर असते. आपण ते ऐकायला उशीर करतो, एवढेच.

पोट का उडते? फुप्फुसात लाखो बारीक फुगे असतात. या रोगात त्यांत पू आणि पाणी साचते, काही मिटून चिकटतात. जत्रेतला नवा फुगा पहिल्या फुंकेला किती जोर मागतो, आठवून पाहा. आजारी मुलाला तसाच जोर प्रत्येक श्वासाला लावावा लागतो. म्हणून धाप लागते, नाकपुड्या फुलतात, छातीचा खालचा भाग आत ओढला जातो. शिवाय श्वास सोडताना मूल कण्हते. हे कण्हणे नुसत्या दुखण्याचे नव्हे बरं का! गळा अर्धा मिटून ते थोडी हवा आत अडवून धरते, म्हणजे फुगे पुरते मिटत नाहीत. निसर्गानेच शिकवलेली युक्ती आहे ती. पण ती किती वेळ पुरणार? काही वेळाने लेकरू थकते. कण्हणे थांबले म्हणून आई-बापांना हायसे वाटते, आणि नेमकी तीच घात होण्याची वेळ असू शकते.

रुग्णालयात अशा मुलाला प्रतिजैवकाचे इंजेक्शन आणि नाकाशी बारीक नळीने ऑक्सिजन देतात. पुष्कळांना तेवढे पुरते. ज्यांना पुरत नाही त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत श्वासयंत्र असते; ते महागही असते आणि चालवायला अवघडही. या दोहोंच्या मधला एक साधा उपाय आहे. त्याला ‘बबल सीपॅप’ म्हणतात. मुलाच्या नाकात बसणाऱ्या नळीतून हवा-ऑक्सिजन आत जातो, आणि बाहेर पडणाऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. टोक पाच सेंटिमीटर खोल असेल, तर तेवढ्या पाण्याचा दाब ओलांडूनच हवा बाहेर पडते. बाटलीत बुडबुडे येतात, फुप्फुसातले फुगे उघडे राहतात. म्हणजे मूल कण्हून जे करीत होते, ते आता बाटली करते, आणि मुलाला विसावा मिळतो.

ढाक्याचे डॉ. मोहम्मद जोबायर चिस्ती यांनी तर रिकाम्या शाम्पूच्या बाटलीवर हे काम भागवले. त्यांच्या रुग्णालयातल्या २२५ मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. साध्या, कमी प्रवाहाच्या ऑक्सिजनवरील ६७ मुलांपैकी १० दगावली होती. बाटलीच्या उपायावरील ७९ मुलांपैकी ३.

हे ऐकून ‘मग गावोगाव बाटल्या लावा’ असे म्हणावेसे वाटेल. थोडे थांबा. आफ्रिकेतल्या मलावी देशात एका जिल्हा रुग्णालयात हाच उपाय करून पाहिला, त्याचा निकाल २०१९ साली आला. तेथे डॉक्टरांची रोजची देखरेख नव्हती. मुलेही फार नाजूक होती; कोणी कुपोषित, कोणाच्या रक्तात प्राणवायू अगदी कमी. नुसत्या ऑक्सिजनवर शंभरात ११ मुले गेली, आणि या उपायावर १७! ढाक्यात अनुभवी डॉक्टर आणि परिचारिका खाटेजवळ होत्या. नळी निसटली का, नाक चोंदले का, पोट फुगले का, हे घटकेघटकेला पाहायला माणूस लागते. आपल्याकडे यंत्राचे उद्घाटन धूमधडाक्याने होते, परिचारिकेची जागा मात्र रिकामी राहते. म्हणून हे मुद्दाम सांगतो.

खाटेजवळ बसण्याचे मोल महाडकरांना निराळे सांगायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे दगावत. तो रोग निराळा, पण तेथेही फुप्फुसात पाणी भरून जीव गुदमरतो. रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी नाडी नि रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या, आणि त्यांतूनच प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग जगापुढे आला.

घरी मात्र आपल्याला एकच काम करायचे आहे: श्वास मोजणे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत, लिहिता-वाचता न येणाऱ्या सुईणींनाही मोजता यावे, म्हणून मण्यांची पाटी केली. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तेथे गावातच रोग ओळखून औषध दिल्याने न्यूमोनियाचे बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. तो अहवाल १९९० साली निघाला.

शिक्षक मित्रांनो, तुमच्याजवळ घड्याळ आहे. मूल शांत असताना, रडत नसताना, अंगावरचे कापड वर करून पुरे एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास भरले, तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा डॉक्टरांना दाखवा. मूल अंगावर पीत नसेल, कण्हत असेल, झापड आली असेल, झटके येत असतील, ओठ-जीभ निळसर दिसत असेल किंवा छाती आत ओढली जात असेल, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. दोन महिन्यांच्या आतले बाळ असेल, तर यांतले एकही लक्षण नसले तरी नुसत्या जलद श्वासावरच न्या.

ओव्याची धुरी देऊ नका. धापेत चमच्याने बळजबरीने काही पाजू नका. ते श्वासनळीत जाते. उमरठहून निघा की वरंधहून, वाटेत बाळाला उराशी उभे धरा, तोंडावर पांघरूण ओढू नका. आणि एका चिठ्ठीवर लिहून द्या: श्वास किती भरले, किती वाजता मोजले, मूल शेवटचे केव्हा प्याले. दवाखान्यात पोचताच ती चिठ्ठी पहिल्यांदा परिचारिकेच्या हाती ठेवा.